पुसण्यापूर्वी काय जपायचे?

‘संगणक फार मंद झाला आहे, एकदा फॉरमॅट मारून घ्या!’ हा सल्ला आपण सर्वांनीच कधी ना कधी ऐकलेला असतो. घरच्या एखाद्या संगणकापुरता तो सोपा वाटतो. सगळे पुसायचे, परिचालन प्रणाली म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसवायची आणि पुन्हा कामाला लागायचे. पण हाच सल्ला एखाद्या दुकानाच्या, पतसंस्थेच्या किंवा शाळेच्या सर्व्हरला लावायचा झाला, तर पुसण्याच्या त्या एका क्षणाआधी कित्येक दिवसांची तयारी असावी लागते. ही तयारी नेमकी कशाची, आणि तिच्यामागचे विज्ञान कोणते, ते आपण या लेखात पाहू. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. जमाखर्च समजणाऱ्या कोणालाही हा विषय समजतो.

दुकानातला दिवाणजी

बार्शीच्या बाजारातील एक आडत दुकान डोळ्यांसमोर आणू या. हे दुकान केवळ उदाहरणापुरते कल्पिलेले आहे. ज्वारी, तूर, उडीद, सोयाबीन असा माल येथे येतो. मालाचे माप होते, बोली लागते, आणि किती पोती, किती वजन, काय भाव, हमाली किती, तोलाई किती याची पट्टी शेतकऱ्याच्या हाती पडते. पूर्वी हे सारे दिवाणजींच्या रोजकीर्दीत आणि खतावणीत असे. आता गल्ल्यावर एक संगणक, वजनकाट्याजवळ दुसरा, आत हिशेबनिसाजवळ तिसरा, आणि कोपऱ्यात सतत चालू असलेला चौथा. या चौथ्याला सर्व्हर म्हणायचे.

सर्व्हर म्हणजे काही अद्भुत यंत्र नव्हे. इतर संगणकांनी मागितलेली गोष्ट त्यांना काढून देणारा तो संगणक. वह्या दिवाणजींच्या ताब्यात असत आणि ज्याला नोंद हवी तो त्यांना विचारी, तसेच हे. कोणी विचारले, त्याला ती नोंद पाहण्याचा अधिकार आहे काय, दोघांनी एकाच वेळी एकाच खात्यात लिहायला घेतले तर आधी कोण, हे सारे सर्व्हर ठरवतो. हे ठरवण्याचे नियम, डिस्कवर जागा वाटण्याची रीत, प्रिंटर आणि वजनकाट्याशी बोलण्याची भाषा, या सर्वांचा कारभार पाहणारी आज्ञावली म्हणजे परिचालन प्रणाली. विंडोज सर्व्हर आणि लिनक्सचे निरनिराळे प्रकार ही तिची परिचित नावे.

मुळात बदलायची कशाला?

हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. पुष्कळदा उत्तर असे निघते की बदलण्याची गरजच नाही. डिस्क झिजली असेल, तिचे काही भाग वाचता येत नसतील, तर त्याच डिस्कवर प्रणाली पुन्हा बसवून रोग बरा होत नाही. उलट पुसण्या-लिहिण्याच्या ताणाने ती डिस्क कायमची बंद पडू शकते. संगणकाची स्मृती कमी पडत असेल तर ती वाढवणे हा उपाय.

मात्र काही कारणे खरी असतात. प्रत्येक प्रणालीला निर्मात्याकडून ठरावीक काळच सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. विंडोज सर्व्हर २०१२ या प्रणालीचा नियमित आधार १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला. सेंटओएस ७ या लिनक्स प्रकाराचा ३० जून २०२४ रोजी. त्यानंतर अशा प्रणालीत नवे भगदाड सापडले, तर सामान्य ग्राहकाला ते बुजवून मिळत नाही. अशा भगदाडांचा परिणाम मे २०१७मध्ये जगाने पाहिला. वॉनाक्राय नावाच्या घातक आज्ञावलीने अनेक देशांतील संगणकांवरील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. दुरुस्ती दोन महिने आधी उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती, त्यांना फटका बसला. तेव्हा आधार संपलेली प्रणाली, विषाणूंची बाधा किंवा यंत्र बदलणे, ही नव्याने बसवण्याची रास्त कारणे म्हणता येतील.

पुसणे म्हणजे काय?

ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. पुस्तके कपाटांत आहेत आणि कोणते पुस्तक कोठे आहे, हे सांगणारी नोंदसूची टेबलावर आहे. डिस्कवरही असेच असते. माहिती छोट्या-छोट्या कप्प्यांत साठवलेली असते आणि कोणती फाइल कोणकोणत्या कप्प्यांत आहे, त्याची सूची वेगळी असते. ‘झटपट’ फॉरमॅट करताना बहुधा फक्त ही सूची टाकून देऊन कोरी सूची ठेवली जाते. पुस्तके कपाटातच राहतात, पण ती कोठे आहेत हे सांगणारे कोणी नसते. नवी प्रणाली मात्र कपाट रिकामे समजून तेथे आपली पुस्तके लावू लागते, आणि जुनी खरोखर नष्ट होतात.

चुंबकीय हार्डडिस्कवरील माहिती नवे लिखाण होण्यापूर्वी काही वेळा तज्ज्ञांना परत काढता येते. आजच्या एसएसडी प्रकारच्या डिस्कवर ही आशाही फारशी उरत नाही. पुढचे लिखाण वेगाने व्हावे म्हणून ‘हे कप्पे आता रिकामे समज’ असा निरोप प्रणाली डिस्कला देते, आणि डिस्क सवडीने ते खरोखरच मोकळे करते. ‘नंतर काढून घेऊ’ असे म्हणण्याची सोय राहत नाही. म्हणूनच सगळी मदार तयारीवर असते.

दोन ढीग

तयारीची पहिली पायरी कागद-पेन्सिलीने करायची आहे. सर्व्हरवर जे जे आहे, त्याचे दोन ढीग करावयाचे. पहिला, पुन्हा मिळण्यासारख्या गोष्टींचा. दुसरा, जगात फक्त येथेच असलेल्या गोष्टींचा.

परिचालन प्रणाली पहिल्या ढिगात जाते. ती निर्मात्याकडून पुन्हा घेता येते. हिशेबाची आज्ञावलीही त्याच ढिगातली. पण गेल्या मंगळवारी कोणत्या शेतकऱ्याची किती पोती तूर कोणत्या भावाने गेली, ही नोंद जगात दुसरीकडे कोठेही नाही. ती दुसऱ्या ढिगातली. ती गेली तर कोणाचे किती देणे लागते, याला फक्त आठवणीचा आधार उरतो, आणि आठवणींचा हिशेब भांडणाशिवाय सुटत नाही. कायद्याचीही अपेक्षा आहेच. २०१७च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात.

या दुसऱ्या ढिगाचे मोल किती असू शकते, याचे मोठे उदाहरण बार्शीतच आहे. येथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये, मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्याने, १९८७ साली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली ही भारतातील पहिली नोंदणी. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत होती. रुग्ण आपणहून रुग्णालयात येतील याची वाट न पाहता कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंदी मिळवीत. पुढे १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे हे रुग्णालय तीत सहभागी होते. गावांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एचपीव्ही या विषाणूची तपासणी ज्या गटात केली गेली, त्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने सुमारे निम्मे होते.

असा निष्कर्ष कशावर उभा राहतो? कोणाची तपासणी कधी झाली, पुढे तिचे काय झाले, या वर्षानुवर्षांच्या नोंदींवर. आकडेमोड करणारी आज्ञावली पुन्हा घेता येते, चांगली नवी घेता येते. पण १९९९ सालच्या एखाद्या गावातली नोंद आज कोणी पुन्हा घेऊ शकत नाही. आडतीची पट्टी आणि आरोग्याची नोंद यांत अंतर खूप असले, तरी संगणकाच्या दृष्टीने दोन्ही एकाच ढिगात बसतात. शाळेचे जनरल रजिस्टरही त्यातच.

रूळ बदलतात तेव्हा

आता प्रश्न असा की दुसरा ढीग जपला म्हणजे झाले काय? नाही. येथे बार्शीकरांच्या परिचयाची आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली. तिच्या रुळांतील अंतर ७६२ मिलिमीटर होते. मोठ्या रेल्वेच्या रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर. साहजिकच कुर्डुवाडीला, जिला तेव्हा बार्शी रोड म्हणत, माल एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावा लागे. पुढे हा मार्ग ब्रॉडगेज करण्यात आला. कुर्डुवाडी ते उस्मानाबाद हा टप्पा २००८मध्ये सुरू झाला. रूळ बदलले, तशी जुनी इंजिने आणि जुने डबे त्या मार्गावर निरुपयोगी ठरले. ते मोडके होते म्हणून नव्हे, तर चाकांतील अंतर जुळत नव्हते म्हणून.

परिचालन प्रणाली म्हणजे रूळ, आज्ञावल्या म्हणजे डबे आणि नोंदी म्हणजे माल, असे समजा. प्रणालीची नवी आवृत्ती बसवली की माल तोच राहतो, पण प्रत्येक जुना डबा नव्या रुळांवर चालेलच असे नाही. वजनकाटा, बिलाचा प्रिंटर, हजेरीचे यंत्र यांच्याशी बोलण्यासाठी प्रत्येकाची एक दुभाषी आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर म्हणतात. दहा वर्षांपूर्वीच्या काट्याचा ड्रायव्हर नव्या प्रणालीवर चालतो काय, हे आधी पाहावे. नाहीतर सर्व नोंदी सुखरूप असूनही सकाळी बाजार भरल्यावर काटा मुका होतो.

यातला सर्वांत मजेदार ड्रायव्हर जाळ्याच्या जोडणीचा, म्हणजे नेटवर्क कार्डाचा. नव्या प्रणालीला तो ओळखता आला नाही, तर इंटरनेट चालत नाही. आणि इंटरनेट चालत नाही म्हणून तो उतरवूनही घेता येत नाही! किल्ली आत आणि कुलूप बाहेर, अशी ही गत. म्हणून हा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवावा.

न दिसणाऱ्या वस्तू

घर बदलताना आपण कपाट, भांडी, पुस्तके नेतो आणि खिडकीमागे ठेवलेली किल्ली विसरतो. सर्व्हरवरही फोल्डरमध्ये न दिसणाऱ्या काही वस्तू असतात. त्यांची यादी वेगळी करावी.

पहिली वस्तू परवाना. पैसे देऊन घेतलेली पुष्कळ सॉफ्टवेअरे विशिष्ट यंत्राशी बांधलेली असतात. टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या यंत्रावरचा परवाना ‘सोडण्याची’ सोय असते. पुसण्याआधी तो सोडला तर नव्या जागी सहज लावता येतो. अनुक्रमांक आणि नोंदणीचा ईमेल कागदावर लिहून ठेवावा.

दुसरी वस्तू ओळख. ‘हिशेब’ नावाच्या वापरकर्त्याला खतावणी उघडण्याचा अधिकार आहे, असे आपण म्हणतो. प्रणाली मात्र नाव पाहत नाही. तिने प्रत्येक वापरकर्त्याला एक क्रमांक दिलेला असतो आणि फायलींवरचे अधिकार त्या क्रमांकाला जोडलेले असतात. नव्या प्रणालीत त्याच नावाचा वापरकर्ता तयार केला, तरी क्रमांक वेगळा पडू शकतो. नाव तेच, माणूस दुसरा! मग स्वतःचीच फाइल उघडताना ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते. कोणाला कशाचा अधिकार होता, हे आधी लिहिलेले असेल तर हे दहा मिनिटांत निस्तरते.

तिसरी वस्तू पत्ता. दुकानातील इतर संगणक सर्व्हरला १९२.१६८.१.१० अशा एखाद्या अंकी पत्त्याने किंवा नावाने शोधतात. नव्या प्रणालीने दुसरा पत्ता घेतला, की दिवाणजी जागेवर असूनही कोणाला सापडत नाहीत.

चौथी वस्तू कुलूपकिल्ली. डिस्कवर सांकेतिक कुलूप असेल तर तिची पुनर्प्राप्तीची किल्ली हवीच. विंडोजच्या बिटलॉकर या सोयीत ती ४८ अंकांची असते. किल्ली हरवली तर डिस्क शाबूत असून तिच्यातले काहीही वाचता येत नाही.

पाचवी वस्तू खास आपल्याकडची, मराठी अक्षरे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या किंवा पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमधून टंकित होई. अशा पुष्कळ फायलींत मराठी अक्षर साठवलेलेच नसते. साठवलेला असतो एक संकेतांक, आणि त्या संकेतांकासाठी कोणता आकार काढायचा, हे फॉन्ट ठरवतो. फॉन्ट गेला की तोच मजकूर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होऊन समोर येतो. फाइल बिघडलेली नसते, तिचा वाचक हरवलेला असतो. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा क्रमांक कायमचा दिलेला आहे. फॉन्ट कोणताही असो, ‘क’ हा ‘क’च राहतो. तेव्हा जुने मराठी दस्तऐवज असतील तर त्यांचे फॉन्ट जपावेत, कुलूप म्हणून लावायचे छोटे उपकरण असेल तर तेही जपावे, आणि जमल्यास प्रणाली बदलण्यापूर्वीच मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवावा.

उघड्या वहीची नक्कल

आता प्रत काढायची. सरळ फोल्डर उचलून दुसऱ्या डिस्कवर टाकला तर काय बिघडते? पुष्कळदा बिघडते. दिवाणजी एका व्यापाऱ्याच्या नावे रक्कम लिहीत आहेत, समोरच्या खात्यात जमा अजून लिहायची आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी कोणी वहीचे छायाचित्र घेतले. त्या छायाचित्रात नावे आहे, जमा नाही. प्रत हुबेहूब असूनही हिशेब चुकीचा! चालू सर्व्हरवरील माहितीसाठ्याचे असेच होते. म्हणून सर्वांना काम बंद करायला सांगावे, हिशेबाची आज्ञावली बंद करावी, आणि मगच प्रत घ्यावी. किंवा त्या आज्ञावलीतच दिलेली ‘बॅकअप’ची सोय वापरावी. ती वही एका सुसंगत क्षणाला थांबवून नक्कल करते.

प्रती किती असाव्यात? पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१चा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. माहितीच्या एकूण ३ प्रती, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी १ दुसऱ्या जागी. एकाच कपाटातल्या तीन प्रती एकाच आगीत जातात. शिवाय एक प्रत तरी कोणत्याही संगणकाला न जोडलेली असावी, कारण खंडणीखोर आज्ञावल्या जोडलेल्या प्रतींनाही कुलूप लावतात. सर्व्हरमध्ये दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिला जाण्याची सोय असते. तिलाच काही जण ‘बॅकअप’ समजतात. ती डिस्क मोडण्यापासून वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते.

प्रत खरी कशावरून?

पोती गाडीतून उतरवताना आपण मोजतो, वजन करतो. माहितीचेही वजन करता येते. वर्गात हा प्रयोग अवश्य करावा. ४७३२ ही संख्या एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला लिहून द्यायची, आणि सोबत अंकांची बेरीज १६ सांगायची. दुसऱ्याने चुकून ४८३२ लिहिले तर बेरीज १७ येते, चूक पकडली जाते. पण त्याने अंकांची अदलाबदल करून ४३७२ लिहिले तर? बेरीज पुन्हा १६च. चूक निसटली. आता प्रत्येक अंकाला त्याच्या स्थानाने गुणून बेरीज करा. ४७३२साठी ४×१ + ७×२ + ३×३ + २×४ = ३५. ४३७२साठी ४×१ + ३×२ + ७×३ + २×४ = ३९. अदलाबदल उघडकीस आली. पुस्तकाच्या मागील आयएसबीएन क्रमांकाचा शेवटचा अंक याच कल्पनेवर बेतलेला असतो.

संगणकात हीच कल्पना पुष्कळ पुढे नेलेली आहे. ‘शा-२५६’ नावाची पद्धत कितीही मोठ्या फाइलचे ६४ चिन्हांत मावणारे सार काढते. मूळ फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी हे सार पार बदलून जाते. मूळ फाइलचे सार आणि प्रतीचे सार तंतोतंत जुळले, तर प्रत बरोबर उतरली असे निर्धास्तपणे म्हणता येते.

पण एवढ्याने भागत नाही. प्रत हुबेहूब असणे वेगळे आणि तिच्यातून काम पुन्हा उभे राहणे वेगळे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या नामांकित सॉफ्टवेअर कंपनीत दुरुस्तीच्या धावपळीत मुख्य माहितीसाठाच पुसला गेला. माहिती राखण्याच्या त्यांच्याकडे पाच व्यवस्था होत्या. त्या एकीवरही विसंबता येत नाही, असे त्या रात्री दिसून आले. नेमाने चालणारा बॅकअप आज्ञावलीच्या आवृत्त्या न जुळल्याने बरेच दिवस तयारच होत नव्हता, आणि त्याची सूचना देणारे ईमेलही पोचत नव्हते. एका कर्मचाऱ्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत उपयोगी पडली. सुमारे सहा तासांच्या नोंदी मात्र गेल्या. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीर केले, म्हणून इतरांना त्यातून शिकता आले.

शिकण्यासारखे ते हेच. परत उभा करून पाहिलेला बॅकअप तेवढाच बॅकअप म्हणावा. दुसरा एखादा साधा संगणक घ्यावा, त्यावर हिशेबाची आज्ञावली बसवावी, प्रतीतून माहिती भरावी, आणि हिशेबनिसाला समोर बसवून विचारावे, ‘कालची अखेरची शिल्लक जुळते का? गेल्या वर्षीची एखादी पट्टी निघते का?’ ती निघाली आणि शिल्लक जुळली, की पुढे जावे.

वेळेचा हिशेब

किती वेळ लागेल, हाही अंदाज भागाकाराने काढता येतो. समजा ५०० गिगाबाइट, म्हणजे ५,००,००० मेगाबाइट माहिती आहे. दुकानातील चांगल्या जाळ्यातून सेकंदाला ११० मेगाबाइट गेले तर सुमारे ७६ मिनिटे लागतात. जुन्या यूएसबी जोडणीतून सेकंदाला ३० मेगाबाइट गेले तर साडेचार तासांहून अधिक. आणि इंटरनेटवरून पाठवायची झाली, चढण्याचा वेग सेकंदाला २० मेगाबिट असला, तर? आठ बिट म्हणजे एक बाइट, म्हणून हा वेग सेकंदाला अडीच मेगाबाइटच झाला. वेळ लागेल सुमारे ५५ तास. जेवढा वेळ प्रत काढायला, निदान तेवढाच ती परत भरायला. हजारो लहान फायली असतील तर याहूनही जास्त.

म्हणून दिवसही विचारपूर्वक निवडावा. तूर बाजारात येण्याचा हंगाम, मार्चअखेर, आणि दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांनी जीएसटीच्या ११ व २० तारखांच्या आधीचे दिवस टाळावेत. काम चालू असताना वीज गेली तर यूपीएस किती वेळ तग धरतो, ते आधी पाहावे. सर्व्हर बंद असताना पट्टी हाताने लिहिण्यासाठी छापील पावतीपुस्तक काढून ठेवावे. बाजार कोणासाठी थांबत नाही!

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न म्हणजे, काम फसले तर परत कसे फिरायचे? त्याला साधे उत्तर आहे. शक्य असेल तर जुनी डिस्क पुसूच नये. ती काढून, तारीख लिहून कपाटात ठेवावी आणि नवी प्रणाली नव्या डिस्कवर बसवावी. पहाटेपर्यंत नवे जमले नाही तर जुनी डिस्क पुन्हा बसवून दुकान वेळेवर उघडता येते. महिनाभर सर्व सुरळीत चालले, एक महिनाअखेर पार पडली, की मग त्या डिस्कचे काय करायचे ते ठरवावे. डिस्कची किंमत काही हजार रुपये. तिच्यातल्या नोंदींची किंमत ज्यांचे पैसे त्या नोंदींवर अवलंबून आहेत, त्या शेतकऱ्यांना विचारावी.

शाळेसाठी

हा सारा विचार शाळेच्या कार्यालयातील एका संगणकालाही जसाच्या तसा लागू पडतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घेऊन एक तासाचा उपक्रम करता येईल. शाळेच्या संगणकावर काय काय आहे याची यादी करायची आणि प्रत्येक नोंदीपुढे तीन प्रश्न लिहायचे. हे गेले तर पुन्हा कोठून मिळेल? याची दुसरी प्रत कोठे आहे? ती प्रत शेवटची कधी उघडून पाहिली? दाखल्यांची नोंदवही, निकालपत्रके, शिष्यवृत्तीचे अर्ज, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे, जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका, असे करत यादी वाढत जाईल. विद्यार्थ्यांची वैयक्तिक माहिती त्यांना उघडून दाखवायची नाही, फक्त प्रकारांची नावे लिहायची, एवढे पथ्य पाळावे.

बहुतेक ठिकाणी पहिल्या प्रश्नाला ‘कोठूनच नाही’ आणि तिसऱ्याला ‘कधीच नाही’ अशी उत्तरे येतील. ज्या ज्या ओळीत ही दोन उत्तरे एकत्र आली, तिच्याखाली तांबड्या शाईची रेघ ओढावी. आपल्या तयारीची सुरुवात त्या रेघांपासून करावयाची आहे, आणि तीही फॉरमॅट करण्याची वेळ येण्याची वाट न पाहता.